लोकरीची टोपी, फरचा गुन्हा

जंगलात वाघ दिसतो तो नशिबानं, पण गाईड दिसतो तो टोपीनं! हे माझं स्पष्ट मत आहे. एखाद्यानं शंभर पक्षी आवाजावरून ओळखले तरी डोक्यावर धड टोपी नसेल तर पर्यटक त्याला जिप्सी धुणारा समजतात.

मी रोशन गुरनुले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोसमटोला या जंगल सफारीच्या गेटवरचा नोंदणीकृत गाईड. नोंदणीकृत म्हणजे वनखात्यानं दिलेला पितळी बिल्ला माझ्या छातीवर असतो. बिल्ला आहे तोवर पर्यटक मला 'सर' म्हणतात आणि घरी चंचल, म्हणजे माझी बायको, न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढते. बिल्ला नसेल तर मी गेटवर उभा असलेला एक रिकामटेकडा माणूस. त्यात थंडीचे दिवस म्हणजे आमची सुगी. त्या दिवसांत ज्याचा बिल्ला जागेवर, त्याचं वर्ष जागेवर!

आता आमचा गणवेश सगळ्यांना सारखाच. खाकी शर्ट, खाकी पँट, पायात बूट. त्यात गेल्या हंगामात प्रफुलनं घात केला. प्रफुल माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला, आणि वाघही त्यानं माझ्याइतकेच पाहिलेले. पण एक दिवस तो गोल काठाची तपकिरी फेल्ट हॅट घालून गेटवर आला आणि वाघ बाजूला ठेवून लोक त्याचेच फोटो काढू लागले. पुढे पुढे तर पर्यटक आल्या आल्या विचारायचे, "वो हॅटवाले गाईड मिलेंगे क्या?" मी बाजूलाच उभा! मी म्हणायचो, "मिलेंगे, पर उनको पक्षी नहीं आते." तरी लोक त्याच्याचकडे जायचे.

मी तेव्हाच ठरवलं. हॅट घ्यायची, आणि अशी घ्यायची की प्रफुलनं आपली हॅट पिशवीत लपवून घरी न्यावी.

योग असा की यंदा हंगामाच्या सुरुवातीलाच माझ्या जिप्सीत हैदराबादचे एक राव साहेब आले. त्यांच्या डोक्यावर राखाडी रंगाची अशी हॅट होती की ड्रायव्हरनं न सांगता गाडी सावकाश घेतली. मी भीत भीत विचारलं, "साहेब, टोपी कशाची?" झालं! साहेबांनी सगळी सफारी टोपीवर काढली. म्हणाले, फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नाही. केस ओले करायचे, वाफेत दाबायचे, दाबून दाबून त्यांचा एकजीव थर करायचा. केस मेंढीचे असतील तर ती वूल फेल्ट. स्वस्त, जड, पावसात मान टाकणारी, गरम पाणी लागलं तर आटणारी. आणि केस सशाचे किंवा बीव्हर नावाच्या प्राण्याचे असतील तर ती फर फेल्ट. हलकी, मऊ, पाणी आत न घेणारी, चुरगळली तरी पुन्हा उभी राहणारी. "वूल इज फॉर बिगिनर्स," असं ते म्हणाले. तेवढ्यात मोहाच्या झाडाखाली वाघ येऊन बसला. राव साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, "नाइस" म्हणाले आणि पुन्हा टोपीवर आले.

मला वाघाचं काही नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. प्रफुलची हॅट लोकरीची आहे!

पुढच्या सुटीला मी तडक चंद्रपूरच्या बाजारात. तिथे बाबूभाईंचं स्वेटर, रेनकोट आणि टोप्यांचं दुकान आहे. मी दारातूनच म्हणालो, "बाबूभाई, फर फेल्ट दाखवा. लोकर नको!"

बाबूभाईंनी चष्मा पुसला. बहुधा हा शब्द त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकला असावा, पण चेहरा हलू दिला नाही.

"रोशनभाऊ, तुमी पारखी आदमी हाय. लोकरवाली तर मी दारावरच्या गिऱ्हाइकाले दाखवतो. फर मी अंदर ठेवतो, खास लोकांसाठी."

ते आत गेले. आत काय झालं ते मला माहीत नाही, पण बाहेर टांगलेल्या टोप्यांसारखीच दिसणारी एक टोपी ते बाहेर घेऊन आले. पिशवी मात्र वेगळी होती! पांढरी, मऊ, नाडीची.

"ये देखो. असली फर. पानी डालो, मोती बनके गिरेगा!"

त्यांनी स्वतःच्या ग्लासातलं पाणी टोपीवर शिंपडलं. खरंच, थेंब मोत्यासारखे घरंगळले आणि त्यांच्या हिशेबाच्या मशीनवर पडले. मी जागच्या जागी विरघळलो. घासाघीस केली नाही. फर घेताना घासाघीस करत नसतात.

घरी चंचलनं टोपी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"चंद्रपुरात लोकं डोक्यावर ओला रुमाल ठेवते. अन् तुमी गरम टोपी आनली?"

"गरम नाई व्हय. फर श्वास घेते!"

"टोपी श्वास घेईन अन् तुमी घाम गाळसान," ती म्हणाली आणि शेंगा निवडायला बसली.

मी लक्ष दिलं नाही. ज्याला हॅट शोभते त्याला घरात किंमत नसतेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेटवर माझी एंट्री झाली. काय सांगू! नागपूरचं एक मोठं कुटुंब होतं, त्यांनी गाडीत बसायच्या आधीच माझ्याबरोबर फोटो काढले. त्यातल्या एका ताईंनी मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, "ही हॅट छान आहे. कसली आहे?" मग मला कोण थांबवणार? राव साहेबांचं सगळं भाषण मी मराठीत केलं, वर थोडं स्वतःचंही घातलं.

"ही शंभर टक्के फर, ताई! लोकर नाही. लोकरीची टोपी म्हणजे काय? घोंगडीच डोक्यावर. पाणी लागलं की मान टाकते, गरम पाणी लागलं की आटते. फरवर पाणी टाका, मोती होऊन घरंगळेल. आमच्या गेटवर लोकर घालणारेही आहेत, पण नाव घेत नाही."

नाव घेतलं नाही, पण हनुवटीनं प्रफुलकडे दाखवलं. ताईंनी ते सगळं व्हिडिओत घेतलं आणि दुपारपर्यंत तो गेटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. मी स्वतः तो पुन्हा पुन्हा पाहिला. नाक जरा मोठं दिसत होतं, पण टोपी उत्तम होती.

संध्याकाळी मुखरूभाऊच्या चहाटपरीवर आम्ही सगळे जमलो. मुखरूभाऊची टपरी गेटला लागूनच आहे, त्यामुळे जंगलात काय घडलं हे जंगलाआधी तिथे कळतं. प्रफुल कोपऱ्यात बसून चहा फुंकत होता. त्याची लोकरीची हॅट त्यानं मांडीवर ठेवली होती. मला इतकं बरं वाटलं!

"कशाची हाये म्हनलं तुही टोपी?" त्यानं विचारलं.

"फरची. सशाच्या केसाची."

"ससा?" प्रफुल हसला. "अबे, ससा तं माह्या वावरात बी हाये. त्यात काय येवढं?"

टपरीवरचे चार लोक हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता ससा तोकडा पडत होता हे मला कळलं. मी चहाचा घोट घेतला आणि राव साहेबांचा दुसरा प्राणी बाहेर काढला.

"साधा ससा नाई. आतून ससा, वरून बीव्हर!"

"बीव्हर? हा कोनता बाप्पा?" मुखरूभाऊनं चहा ओतता ओतता विचारलं.

बीव्हर कसा असतो हे मला तरी कुठे नीट माहीत होतं? पण गाईडनं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. "पान्यात राह्यते. अंगावर दाट, मऊ केस. लांब शेपटी. मासोळीसारखा पोहते," मी म्हणालो. मासोळीचं मी वरून घातलं.

मुखरूभाऊचा हात थांबला. "पान्यात राह्यते, दाट केस, लांब शेपटी... म्हंजे पानमांजरावानी?"

"पानमांजरावानीच! पन लय मोठं, लय भारी!"

मी समाधानानं घरी गेलो. माझ्यामागे टपरीवर काय झालं ते पुढे कळलं. मी असताना ते 'पाणमांजरासारखं' होतं. मी वळलो आणि 'सारखं' गळून पडलं. मग कुणाला तरी आठवलं की तलावातली पाणमांजरं पोळ्यापासून दिसली नाहीत. दुसऱ्याला आठवलं की पोळ्याच्या आसपास मी तलावावर गळ टाकून बसलो होतो. खरंच बसलो होतो, एक मरळही लागली नव्हती! पण टपरीवर दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांचं लग्न लावायला वेळ लागत नाही. रोशननं पाणमांजर मारलं आणि टोपी शिवली, असं गाव झोपायच्या आत ठरून गेलं.

सकाळी मी गेटवर पोचलो तर बॅरियरजवळ दिव्यानी मॅडम उभ्या. दिव्यानी मॅडम आमच्या बीटच्या वनरक्षक. नव्यानंच रुजू झालेल्या, वयानं लहान, पण नजर अशी की समोरच्यानं काही केलेलं नसलं तरी त्याला आठवायला लागतं.

"टोपी काढा."

"मॅडम, फोटो पाहिजे काय? घालूनच काढू ना!"

"टोपी काढा, गुरनुले. अन् बिल्ला बी काढा. पानमांजर शेड्यूल वनमदी, म्हंजे कायद्याच्या पयल्या यादीत येते, माहीत हाये न तुमाले?"

मला माहीत होतं! मीच रोज पर्यटकांना सांगतो! मला नेलं रेंज कार्यालयात. कार्यालय गेटच्याच आवारात, त्यामुळे अख्खी टपरी पाठोपाठ आली. पर्यटकांच्या जिप्सी खोळंबल्या, पण कुणाची तक्रार नव्हती. वाघ दिसेल न दिसेल, शिकारी तर दिसत होता!

आमचे आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल साहेब साताऱ्याकडचे. शांत बोलतात. रागावले की आणखी शांत बोलतात. त्यांनी टोपी टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गुरनुले, ही कशाची आहे?"

"लोकरीची, साहेब!" मी क्षणात म्हणालो.

"काल तर तुम्ही वेगळंच सांगत होतात."

"साहेब, लोकरीपुढे फर काय चीज हाये? लोकर मजबूत, लोकर गरम, लोकर परवडणारी! अन् साहेब, लोकरीसाठी मेंढी मारा लागत नाई. मेंढीची नुसती कटिंग होते, ती नाचत घरी जाते! फरसाठी बिचाऱ्या जनावराचा जीव जाते. मी गाईड मानूस, मी फर घालीन?"

साहेबांनी दिव्यानी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला. "ही शंभर टक्के फर, ताई! लोकर नाही. लोकरीची टोपी म्हणजे काय? घोंगडीच डोक्यावर!" अख्खं कार्यालय शांतपणे ऐकत होतं. काल मला वाटलं होतं माझा आवाज किती खणखणीत आहे. आज वाटलं, थोडा बसलेला असता तर काय बिघडलं असतं?

मग साक्षी. मुखरूभाऊ म्हणाले, "साहेब, खोटं कायले बोलू? पानमांजरावानी म्हने. लय भारी म्हने." प्रफुल तर न बोलावता पुढे आला. "साहेब, मी सोताच्या कानानं आयकलं. मी म्हनलं, ससा असन. तं हा म्हने ससा नाई, वरून पान्यातलं जनावर हाये." आणि एवढं बोलून त्यानं स्वतःची लोकरीची हॅट डोक्यावर नीट बसवली.

"नमुना प्रयोगशाळेत पाठवू," साहेब म्हणाले. "अहवाल यायला उन्हाळा होईल. तोवर बिल्ला इथे राहील."

उन्हाळा! म्हणजे अख्खा हंगाम! माझ्या डोळ्यांपुढे चंचल दिसली, हातात भाजीचं पातेलं घेऊन चुलीकडे परत जाणारी. मी कळवळून म्हणालो, "साहेब, दुकानदाराले फोन लावा! थो सांगन!"

फोन लागला. स्पीकरवर ठेवला.

"बाबूभाई, मी रोशन. त्या दिवशीची हॅट लोकरीची हाये ना? खरं सांगा!"

पलीकडे बाबूभाईंचा आवाज दुखावला. "रोशनभाऊ, ये कैसी बात कर दी! वापस करनेका बहाना है क्या? असली फर है! लोकर का एक धागा निकला तो दुकान को ताला मारूंगा!"

"बाबूभाई, हात जोडतो, लोकर म्हना!"

"कैसे बोलूं? मेरे को मरना है एक दिन! प्योर फर! जंगली जानवर का! शिकारी लोग लाते हैं, ऐसे नहीं मिलता!"

शिकारी! कुठून हा शब्द सुचला त्यांना! दिव्यानी मॅडम पुढे वाकल्या. "नमस्कार. मी वनरक्षक बोलून राह्यली, वन विभागाकडून. हे शिकारी लोक कोन?"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"मॅडम? शिकारी? नहीं नहीं, भिवंडी! मैंने भिवंडी बोला! माल भिवंडी से आता है! शुद्ध ऊन, मॅडम! भेड़ का! फर क्या होता है, मेरे को मालूम भी नहीं!"

"आता खरं बोलले!" मी ओरडलो.

"दोघांनीही जबाब फिरवला," साहेब आणखी शांतपणे म्हणाले. मी खुर्चीत बुडालो.

तेवढ्यात मुखरूभाऊंना कल्पना सुचली. "साहेब, जाळून पाहा न थोडं!" लगेच टोपीच्या काठाचा तुकडा कापला गेला. माझ्या काळजाचा कापला असता तर बरं वाटलं असतं. टपरीचा स्टोव्ह कार्यालयात आणून त्यावर तो धरला आणि भर्रकन वास सुटला.

"केस! केस जळून राह्यले!" प्रफुल ओरडला. "जनावरच हाये!"

"मेंढी बी जनावरच हाये, अबे!" मी ओरडलो. पण तोपर्यंत खिडकीतून पाहणाऱ्या पर्यटकांनी नाकाला रुमाल लावले होते आणि एक आजी "अरेरे, बिचारं पाणमांजर" म्हणाल्या होत्या. प्राणी होता हे सिद्ध झालं. कोणता, हे कुणालाच विचारायचं नव्हतं.

मग साहेबांनी बोट वर केलं. "गुरनुले, तुमच्याच व्हिडिओत आहे. फर असेल तर पाणी मोत्यासारखं घरंगळतं. लोकर असेल तर मान टाकते. बरोबर?"

"बरोबर साहेब!"

"आणा पाणी."

आयुष्यात मी अनेकदा पावसासाठी प्रार्थना केली आहे, पण आपली नवी टोपी भिजून खराब व्हावी म्हणून देवाला हात जोडणारा मी पहिलाच असेन. तांब्या आला. साहेबांनी पाणी ओतलं. आणि थेंब... मोत्यासारखे घरंगळले!

"हं," साहेब म्हणाले.

फोन अजून सुरूच होता. त्यातून बाबूभाई रडवेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, वो तो ऊपर से स्प्रे मारते हम! चमक के वास्ते! सब टोपी पे मारते! गरम पानी में डालो, स्प्रे निकल जाएगा!"

"गरम पाणी लागलं की लोकर आटते!" मीच माझं भाषण म्हणून दाखवलं. "साहेब, उकळा! उकळा तिले!"

मग तो सोहळा झाला. मुखरूभाऊंनी चहाचं मोठं पातेलं धुतलं, म्हणजे धुतल्यासारखं केलं, आणि त्यात पाणी चढवलं. टोपी आत सोडली. साहेब, मॅडम, प्रफुल, पर्यटक, सगळे स्टोव्हभोवती. दोन ड्रायव्हर तर आपसात पैजा लावून बसले. मुखरूभाऊ झाऱ्यानं टोपी खाली दाबायचे आणि ती पुन्हा वर यायची. मी मनात म्हणत होतो, आट बाई, आट! तुझ्या मेंढीची तुला शपथ आहे!

पाच-दहा मिनिटं काहीच झालं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग काठ वळू लागला. मग माथा खचला. आणि मग पातेल्यातून एक दाट, ओला, ओळखीचा वास वर आला. आमच्याकडे पावसाळ्यात कुरमार मेंढपाळांचे कळप रस्त्यानं जातात तेव्हा येतो तोच! तो वास शाळेत शिकवावा लागत नाही. मुखरूभाऊंनी नाक वर केलं. मॅडमनी वर केलं. प्रफुलनंही नाइलाजानं वर केलं.

"मेंढरू हाये, साहेब," मुखरूभाऊ म्हणाले. "भिजलं मेंढरू. शंभर टक्के."

झाऱ्यावर टोपी बाहेर काढली तेव्हा ती लहान बाळालाही घट्ट झाली असती. काठ वर वळलेला, माथा आत गेलेला, तपकिरी रंग चहाच्या पातेल्याला चिकटलेला. मी ती दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवली.

"लोकर हाये! लोकर हाये! स्वस्तातली लोकर हाये!" मी नाचलो. अक्षरशः नाचलो. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. पाणमांजराची हळहळ करणाऱ्या आजींनी मला आशीर्वाद दिला. फोनमध्ये बाबूभाई "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत होते. जगात कुणी आपण फसवले गेल्याचा इतका आनंद केला नसेल!

साहेबांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आलं. "गुन्हा नाही. मॅडम, यांचा बिल्ला देऊन टाका."

मी हात पुढे केला. दिव्यानी मॅडमनी बिल्ला उचलला, आणि हातातच ठेवला.

"साहेब, एक मिनिट. फर नाई निघाली, बरं झालं. पन मंग व्हिडिओत हे पर्यटकाइले सांगून राह्यले ते काय? शंभर टक्के फर म्हने. वरून टपरीवर बीव्हर म्हने. गाईडनं पर्यटकाले खोटी माहिती देली तर बिल्ला जमा, हा नियम हाये न?"

साहेबांनी हसू आवरलं. माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. "नियम आहे," ते म्हणाले. इतकं शांत की मला ऐकायला पुढे वाकावं लागलं. "फर असती तर शिकार. लोकर निघाली, म्हणजे थाप. नाताळची गर्दी संपेपर्यंत बिल्ला कार्यालयात राहील."

"साहेब, मले तं दुकानदारानं फसवलं!"

"बीव्हरही दुकानदारानंच सांगितला होता का?"

मी मदतीसाठी फोनकडे पाहिलं. फोनही एकाएकी कट झाला.

घरी चंचलनं सगळं ऐकून घेतलं. "फर असती तं निदान वकील तरी लावता आला असता," ती म्हणाली आणि भाजी एकदाच वाढली. मी दुसऱ्यांदा मागितलीही नाही.

साहेब मनानं वाईट नाहीत. रिकामा बसू नये म्हणून त्यांनी मला गेटवर काम दिलं. पर्यटकांनी फेकलेले चिप्सचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या. प्रफुलच्या जिप्सी एकामागून एक समोरून जातात. तो हॅटला हात लावून सलाम करतो. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून वाकलेला असतो.

परवा सकाळी एक जिप्सी बॅरियरशी थांबली. मागच्या सीटवरच्या बाईंनी मला खुणावलं आणि रस्त्याच्या कडेच्या धुळीकडे बोट दाखवलं. "अहो भाऊ, हा ठसा वाघाचाच ना?"

मी पाहिलं. ताज्या धुळीत ताटलीएवढं पाऊल! आमच्या गेटची जुनी वाघीण. तिची चाल मी झोपेतही ओळखीन. किती वाजता गेली असेल, कुठे गेली असेल, बरोबर पिल्लं होती का, सगळं ओठांवर आलं. तेवढ्यात नजर वर गेली. बॅरियरपलीकडे दिव्यानी मॅडम उभ्या होत्या, अगदी शांत, माझ्याकडेच पाहत.

"बाई, पाऊल हाये, येवढं नक्की," मी म्हणालो. "कोनाचं हाये, ते लॅबचा रिपोर्ट आल्यावर सांगतो."